मॅन्सरच्या विमानातले पाच जण

३१ मे १९४२. उजाडायला अजून अवकाश होता. बेल्जियमच्या ईशान्य कोपऱ्यात, हॉलंडच्या सरहद्दीजवळ ब्रे नावाचं गाव आहे. त्या गावाजवळ एक ब्रिटिश बाँबफेकी विमान कोसळलं आणि पेटलं. विमानात शेवटी एकटा पायलट उरला होता : लेस्ली मॅन्सर, वय वर्षं २०. जन्म आपल्या नवी दिल्लीतला, वडील इथल्या पोस्ट-तार खात्यात नोकरीला. बरोबरच्या सहा जणांनी काही क्षण आधी पॅराशूट घेऊन अंधारात उड्या मारल्या होत्या. सहांपैकी एक जर्मनांच्या हाती लागला. उरलेले पाच जण शत्रूच्या मुलखातून सहीसलामत इंग्लंडला परत गेले.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. ब्रेपासून थेट स्पेनच्या सरहद्दीपर्यंत सगळा पट्टा जर्मन सैन्याच्या ताब्यात. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. वाटेत दोन सरहद्दी, ठिकठिकाणी कागदपत्रांची तपासणी, आणि अंगावर ब्रिटिश हवाई दलाचा गणवेश. मग हे पाच जण गेले कसे? ‘पळाले’ असं आपण सहज म्हणून जातो. मला हे क्रियापदच चुकीचं वाटतं. त्यांना नेलं गेलं. कोणी नेलं, कसं नेलं आणि त्यापायी कोणाचे जीव गेले, हे नीट समजून घेऊ.

आधी त्या रात्रीचं

३० मेच्या रात्री ब्रिटिश बाँबर कमांडने जर्मनीतल्या कोलोन शहरावर १,०४७ विमानं पाठवली. एका शहरावर एका रात्रीत हजार विमानं, हे तोवर कधी झालं नव्हतं. आकडा भरायचा म्हणून प्रशिक्षण केंद्रांतली विमानं आणि शिकाऊ मुलंसुद्धा घेतली गेली. मॅन्सरला मिळालेलं विमान ‘मँचेस्टर’ जातीचं, तेही दुसऱ्या तुकडीकडून उसनं आणलेलं. मँचेस्टरला दोनच इंजिनं होती आणि ती भरवशाची नव्हती. पुढे याच विमानाला चार इंजिनं बसवून नवा घाट दिला, तेव्हा प्रसिद्ध ‘लँकेस्टर’ जन्माला आलं. मॅन्सरच्या नशिबी मात्र जुनंच विमान आलं.

कोलोनवर साधारण ७,००० फुटांवरून बाँब टाकले आणि तेवढ्यात विमानवेधी तोफेचा गोळा लागला. विमान ७०० फुटांपर्यंत खाली आलं. मॅन्सरने ते कसंबसं २,००० फुटांवर नेलं, तर डाव्या इंजिनाने पेट घेतला. आग दहा मिनिटांनी विझली, पण तोवर इंजिन गेलं होतं आणि पंखाचा काही भाग जळाला होता. त्याच वेळी सगळ्यांनी उड्या मारल्या असत्या तर बहुधा सगळेच वाचले असते, पण जर्मनीत युद्धकैदी झाले असते. मॅन्सरने विमान घराच्या दिशेने रेटत नेलं. बेल्जियमवर आल्यावर मात्र उंची टिकेना. त्याने सगळ्यांना उडी मारायला सांगितलं. एका सार्जंटने त्याच्यापुढे पॅराशूट धरलं. त्याने ते हातानेच बाजूला सारलं आणि ‘तू जा’ असं सांगितलं, कारण विमान स्थिर धरायला फार तर काही सेकंद उरले होते. सहा माणसं बाहेर पडेपर्यंत त्याने विमान स्थिर धरलं.

ही एका विमानाची गोष्ट झाली. पण बाँबर कमांडमध्ये काम करणं म्हणजे काय, हे आकड्यांतून जास्त कळतं. संपूर्ण युद्धात सुमारे १,२५,००० माणसांनी तिथे विमानांतून काम केलं आणि त्यांतली ५५,५७३ मेली. म्हणजे शंभरातली चव्वेचाळीस. एका फेरीचा हिशोब ३० मोहिमांचा असायचा. तीस वेळा जाऊन परत आलात की काही महिने मोहिमांपासून सुटका, पुन्हा दुसरी फेरी. सगळे स्वेच्छेने आलेले, बहुतेक विशीच्या आसपासचे.

विमान पडताना त्यातून बाहेर पडणं हीच पहिली परीक्षा. पुढे जगप्रसिद्ध झालेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन तरुणपणी बाँबर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करत होते. त्यांच्या पाहणीत असं दिसलं, की पाडल्या गेलेल्या अमेरिकी बाँबरमधली निम्मी माणसं जिवंत बाहेर पडत, ब्रिटिश हॅलिफॅक्समधली पाव हिस्सा आणि लँकेस्टरमधली जेमतेम १५ टक्के. लँकेस्टरच्या तळाचं सुटकेचं झाकण २२ इंच रुंद होतं, हॅलिफॅक्सचं २४ इंच. अवजड कपडे आणि छातीवर पॅराशूट असलेल्या माणसाला त्या अंधाऱ्या, गिरक्या घेणाऱ्या नळकांड्यात दोन इंच कमी पडत होते. डायसन आणि त्यांचे सहकारी हे झाकण मोठं करावं म्हणून मागे लागले होते. हा बदल मंजूर होईपर्यंत युद्ध जवळजवळ संपलं होतं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बराच वेळ पट्टी घेऊन दोन इंच म्हणजे किती ते बघत बसलो होतो.

जमिनीवर पाय टेकल्यावर

लंडनमध्ये ‘एमआय-९’ नावाचं एक गुप्त खातं डिसेंबर १९३९ मध्ये सुरू झालं होतं. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या आपल्या माणसांना परत आणणं हे त्याचं काम. एक बाँबफेकी वैमानिक तयार करायला त्या काळचे सुमारे १०,००० पौंड लागत, त्यामुळे परत आलेला प्रत्येक माणूस मोलाचा होता. शिवाय, शेजारच्या तळावरचा ‘बेपत्ता’ झालेला दोस्त दोन महिन्यांनी जेवणाच्या खोलीत हजर झाला, की बाकीच्या पोरांना जो धीर यायचा त्याचा हिशोब पौंडांत करता येत नाही.

या खात्याने वैमानिकांना दोन गोष्टी दिल्या : वस्तू आणि शिकवण. वस्तूंचं वर्णन वाचताना लहान मुलासारखी मजा वाटते. रेशमावर छापलेले नकाशे, जे घडी घातल्यावर कुरकुरत नाहीत आणि भिजल्यावर फाटत नाहीत. गणवेशाच्या बटणात लपवलेलं चिमुकलं होकायंत्र. खिशात मावेल अशी डबी. तीत हॉर्लिक्सच्या गोळ्या, चॉकलेट, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, झोप उडवणाऱ्या गोळ्या, पाण्यासाठी रबरी पिशवी. ज्या देशांवरून जायचं तिथल्या नोटा. पुढे १९४३ मध्ये असे बूट आले, की वरचा लोकरी भाग आत लपवलेल्या चाकूने कापून टाकला की खाली साधी चामडी जोडी उरायची. नकाशे छापणारी लीड्सची वॉडिंग्टन कंपनी म्हणजे ब्रिटनमध्ये मोनोपॉलीचा खेळ छापणारी कंपनी.

शिकवण मात्र या वस्तूंपेक्षा कामाची होती. पॅराशूट आणि तरंगायचं जाकीट पुरून टाका किंवा लपवा. पडलेल्या जागेपासून लवकरात लवकर दूर जा, कारण विमानाची आग मैलांवरून दिसते आणि शोध तिथूनच सुरू होतो. दिवसा लपा. वस्तीपासून सुटं, गरिबाघरचं वाटणारं घर हेरा, बराच वेळ नुसतं बघा, मग दार वाजवा. चर्चचा पाद्री भेटला तर उत्तम. शिपायासारखी कवायतीची चाल चालू नका. मनगटावरचं हवाई दलाचं घड्याळ काढून ठेवा. आणि रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघू नका! युरोपात गाड्या उजव्या बाजूने धावतात. इंग्लंडात वाढलेल्या माणसाची मान सवयीने आधी उजवीकडे वळते, आपली वळते तशीच, आणि बघणाऱ्याला तेवढं पुरतं. अमेरिकी माणसं काट्याने खाताना काटा डाव्या हातातून उजव्या हातात घेतात, त्यावरूनही ओळखली जात. भाषा तर बोलायचीच नाही. गाडीत झोपेचं सोंग घ्यायचं, वर्तमानपत्रात तोंड खुपसायचं, नाहीतर मुका-बहिरा व्हायचं.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण तो कायद्यात आणि प्रत्यक्षातही महत्त्वाचा आहे. शत्रूच्या हाती लागून मग तुरुंगातून पळालेला माणूस वेगळा आणि हातीच न लागलेला माणूस वेगळा. मॅन्सरचे पाच जण दुसऱ्या प्रकारातले. पहिल्या प्रकारातलं आपल्या जवळचं नाव म्हणजे दिलीप परुळकर. १९७१ च्या युद्धात त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह रावळपिंडीच्या छावणीच्या भिंतीला भोक पाडलं आणि तिघे बाहेर पडले. पेशावर गाठलं, खैबर खिंडीतून लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाणिस्तानची सरहद्द अगदी हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनचा रस्ता विचारला. नकाशात ते स्टेशन होतं, पण ते इंग्रजांच्या काळातच बंद पडलेलं. जे स्टेशन चाळीस वर्षं चालूच नाही त्याची चौकशी करणारे हे कोण, असा संशय आला आणि तिघे पकडले गेले. धाडस, तयारी, प्रसंगावधान या कशातही ते कमी नव्हते. ‘ते स्टेशन आता नाही बाबा’ असं कानात सांगणारा एक स्थानिक माणूस त्यांच्याजवळ नव्हता.

मॅन्सरच्या माणसांना तो माणूस मिळाला. एक नव्हे, अनेक.

धूमकेतूची वाट

ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात आंद्रे द योंग नावाची चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी राहत होती. घरात आणि पुढे सगळीकडे तिला ‘देदे’ म्हणत. वडील फ्रेदेरिक प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. पहिल्या महायुद्धात याच शहरात एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना पळून जायला मदत केली होती आणि जर्मनांनी १९१५ साली तिला गोळ्या घातल्या होत्या. देदे ही गोष्ट ऐकत वाढली. १९४० मध्ये बेल्जियम पडलं तेव्हा ती जखमी सैनिकांची शुश्रूषा करू लागली आणि ज्यांना जर्मनांपासून लपवायचं होतं त्यांच्यासाठी घरं शोधू लागली. लवकरच लक्षात आलं, की माणसं लपवून किती दिवस पोसणार? त्यांना बाहेर काढायला हवं.

पहिल्या खेपेला उत्तर फ्रान्समधली सोम नदी रात्री ओलांडायची होती. बरोबरच्या काही जणांना पोहता येत नव्हतं. देदेने त्यांना गाडीच्या टायरची फुगवलेली ट्यूब दिली आणि एकेकाला धरून पलीकडे नेलं, पुन्हा परत, पुन्हा पलीकडे. विहिरीत ट्यूब बांधून पोहायला शिकलेल्या कोणालाही हे दृश्य डोळ्यांसमोर आणायला अडचण पडणार नाही. फक्त इथे काठावर पहारा होता.

ऑगस्ट १९४१ मध्ये ती स्पेनमधल्या बिल्बाओ शहरी ब्रिटिश वकिलातीत जाऊन उभी राहिली. बरोबर एक स्कॉटिश सैनिक आणि दोन बेल्जियन. तिने सांगितलं : मी यांना ब्रुसेल्सहून आणलंय, आणखी आणू शकते, मला फक्त प्रवासाचा आणि वाटाड्यांचा खर्च द्या. अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. ही एवढीशी मुलगी पिरेनीज पर्वत ओलांडून आली? जर्मनांनीच पाठवलेली नसेल कशावरून? काही आठवड्यांनी ती आणखी माणसं घेऊन आली तेव्हा मात्र त्यांनी मदत कबूल केली. देदेची एक अट होती आणि ती तिने शेवटपर्यंत सोडली नाही : पैसे तुमचे, पण काम आमचं. लंडनने आम्हाला हुकूम द्यायचे नाहीत. या साखळीला पुढे ‘कॉमेट’ म्हणजे धूमकेतू हे नाव पडलं.

आता ही वाट चालायची कशी, ते बघू. मॅन्सरच्या विमानातले पाच जण याच वाटेने गेले.

पहिला टप्पा गावचा. शेतकरी, गिरणीवाला, पाद्री, शिक्षक, यांपैकी कोणीतरी वैमानिकाला पहिला आसरा द्यायचा. हे लोक बहुतेकदा कोणत्याही संघटनेत नसत. रात्री दार वाजलं, दारात चिखलाने माखलेला पोरगा उभा. घ्यायचं की नाही हे तिथल्या तिथे ठरवायचं. घेतलं, की गणवेश जाळायचा किंवा पुरायचा आणि घरातल्या कोणाचे तरी जुने कपडे द्यायचे. मग कानोकानी निरोप फिरत फिरत साखळीच्या माणसापर्यंत जायचा.

दुसरा टप्पा शहरातला : लिएज, मग ब्रुसेल्स. इथे वैमानिकाला आठवडा, पंधरवडा, कधी महिनाभर एखाद्या घरात ठेवत. शिधापत्रिकेवर मोजून मिळणाऱ्या ब्रेड-बटाट्यात एक वाढीव तोंड, तेही धडधाकट तरुणाचं. काळ्या बाजारातून आणायचं तर शेजाऱ्यांच्या लक्षात येणार. मोठ्या मापाचे बूट मिळणं हीदेखील एक मोठी अडचण असायची. फोटो काढायचा, खोटं ओळखपत्र बनवायचं, खोटं नाव पाठ करून घ्यायचं.

तिसरा टप्पा आगगाडीचा : ब्रुसेल्सहून पॅरिस, पॅरिसहून थेट दक्षिणेला बायॉन आणि सें-जाँ-द-ल्यूझ. बरोबर वाटाडी असायची, बहुतेकदा तरुण मुलगी. ती जवळ बसायची नाही. डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातून नजर ठेवायची. ती उठली की उठायचं, ती उतरली की उतरायचं. तपासनीस आला तर तिकीट आणि ओळखपत्र निमूट पुढे करायचं. साखळीतले लोक या वैमानिकांना ‘मुलं’ किंवा ‘पार्सलं’ म्हणत. हा शब्द मला फार नेमका वाटतो. आकाशात तोफांच्या माऱ्यातून विमान नेणारा माणूस जमिनीवर आल्यावर एक पार्सल होता. त्याचं शौर्य आता गप्प बसण्यात आणि सांगितलं तेवढंच करण्यात होतं.

साखळी या शब्दाचा अर्थही इथे समजून घ्या. प्रत्येकाला आपल्या अलीकडची आणि पलीकडची एकच कडी माहीत. पार्सल घेऊन येणारीचं खरं नाव ठाऊक नाही, घेऊन जाणाऱ्याचा पत्ता ठाऊक नाही. कारण पकडल्यावर छळ होणार आणि छळात माणूस बोलणार, हे गृहीत धरलेलं होतं. माहीतच नसेल ते सांगता येत नाही. व्यवहारात मात्र हा नियम पुरता पाळला जात नसे. माणसं एकमेकांची नातेवाईक, शेजारी, शाळूसोबती होती, आणि विश्वास तर ओळखीतूनच येतो. ज्या गोष्टीमुळे साखळी उभी राहिली त्याच गोष्टीमुळे ती पुन्हा पुन्हा तुटली.

चौथा टप्पा डोंगराचा. फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरेनीज पर्वत, आणि त्याच्या समुद्राकडच्या टोकाला बास्क लोकांचा मुलूख. इथली सूत्रं एल्व्हीर द ग्रीफ या बेल्जियन बाईंच्या हाती होती. सगळे त्यांना ‘तांत गो’ म्हणजे गो मावशी म्हणत. त्यांचे पती जर्मनांकडे दुभाषी होते आणि तिथून कोरे कागद, शिक्के घरी आणत. वाट दाखवायला फ्लोरेंतिनो गोइकोएचेआ : थोराड अंगाचा, पिढीजात तस्करीच्या वाटा ठाऊक असलेला बास्क. उरून्य गावाजवळच्या बिदेगेन-बेरी नावाच्या शेतघरात फ्रांचिया उसांदिसागा ही तीन लहान मुलांची विधवा आई या मंडळींना गरम दूध-सूप द्यायची. बूट काढून दोरखंडाच्या तळव्याच्या बास्क चपला घालायच्या, कारण त्या ओल्या दगडावर घसरत नाहीत आणि वाजत नाहीत. अंधार पडला की निघायचं. आठ-दहा तास चढउतार. पुढे फ्लोरेंतिनो, मागे देदे, मध्ये कित्येक दिवस खोलीत कोंडून राहिल्यामुळे पाय आखडलेली पोरं.

आणि मध्यरात्री बिदासोआ नदी. पलीकडे स्पेन, पण काठाने रस्ता, रेल्वे आणि स्पॅनिश पहारेकरी. पँट काढून गळ्यात बांधायची, एकमेकांचे हात धरायचे, कमरेइतक्या, कधी छातीइतक्या बर्फगार पाण्यात उतरायचं. डिसेंबर १९४३ मध्ये २३-२४ तारखेच्या रात्री साखळीचे एक प्रमुख काउंट अंत्वान द्युर्सेल आणि एक अमेरिकी वैमानिक याच पाण्यात वाहून गेले. नदीला पूर असेल तर पुलापर्यंत कितीतरी तासांचा वळसा.

स्पेन तटस्थ होता, पण मित्र नव्हता. पोलिसांनी पकडलं तर मिरांदा दे एब्रोच्या छावणीत रवानगी. म्हणून ब्रिटिश वकिलातीची गाडी सान सेबास्तियनजवळून पार्सलं उचलायची, माद्रिदला न्यायची आणि तिथून जिब्राल्टरला. जिब्राल्टर ब्रिटिशांचं. तिथून बोटीने किंवा विमानाने घर. देदे मात्र त्याच रात्री, किंवा फार तर दुसऱ्या रात्री, पुन्हा डोंगर चढून मागे यायची. तिने स्वतः ११८ माणसं अशी पलीकडे नेली.

कायदा कोणाच्या बाजूला

हे सगळं धाडसी आहेच, पण माझ्या लेखी खरा मुद्दा यापुढे सुरू होतो. वैमानिक पकडला गेला तर त्याच्या गळ्यात ओळखीचा बिल्ला असायचा आणि १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार तो युद्धकैदी ठरायचा. छावणी, काटेरी तार, अर्धपोट जेवण, रेडक्रॉसची पार्सलं. पण बहुतेकदा जीव वाचायचा. त्याला लपवणाऱ्यांसाठी कुठलाही करार नव्हता. फ्रान्समधल्या जर्मन लष्करी प्रमुखाने २२ सप्टेंबर १९४१ रोजी भिंतीभिंतींवर जाहीरनामे लावले : शत्रूच्या वैमानिकाला मदत करणाऱ्या पुरुषाला तत्काळ गोळी घातली जाईल, स्त्रियांना जर्मनीतल्या छळछावणीत पाठवलं जाईल, पकडून देणाऱ्याला १०,००० फ्रँकपर्यंत बक्षीस. म्हणजे एकाच दारात उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या वाट्याला कैद आणि दुसऱ्याच्या वाट्याला मरण. आणि दार उघडायचं की नाही, हे त्या दुसऱ्याने ठरवायचं.

जर्मनांना साखळी तोडायचा सोपा उपाय सापडला : खोटे वैमानिक पाठवायचे. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रुसेल्सच्या मारेशाल कुटुंबाकडे दोन ‘अमेरिकी वैमानिक’ आणले गेले. आई मूळची इंग्रज, मुलगी अठरा वर्षांची. दोघींना त्या पाहुण्यांचं काहीतरी खटकत होतं, पण तोवर वेळ गेली होती. ते जर्मनांचे हस्तक होते. काही दिवसांत सुमारे शंभर माणसं धरली गेली. वडील जॉर्ज मारेशाल यांना पुढच्या वर्षी गोळ्या घातल्या, आई आणि मुलगी छळछावणीत गेल्या आणि जिवंत परत आल्या. यानंतर प्रत्येक नव्या वैमानिकाची उलटतपासणी सुरू झाली : तुझा तळ कोणता, तुकडी कोणती, विमानात बरोबर कोण होतं.

१५ जानेवारी १९४३ रोजी पावसाने नदी फुगली म्हणून देदे तीन वैमानिकांसह बिदेगेन-बेरीच्या शेतघरात थांबली होती. कोणीतरी खबर दिली. सगळे पकडले गेले, फ्रांचियासुद्धा. चौकशीत देदेने वडिलांना वाचवण्यासाठी सांगून टाकलं, की साखळी मीच उभारली, प्रमुख मीच. गेस्टापोचा विश्वास बसला नाही. बिल्बाओच्या अधिकाऱ्यांना वाटलं तेच त्यांनाही वाटलं, की एवढीशी मुलगी हे करूच शकत नाही. बहुधा त्यामुळेच तिचा जीव वाचला. रावेन्सब्रुक आणि माउथाउझेनच्या छावण्यांतून ती एप्रिल १९४५ मध्ये बाहेर आली. फ्रांचिया त्याच महिन्यात रावेन्सब्रुकमध्ये मेली. तिची तीन मुलं मागे राहिली. देदेचे वडील जून १९४३ मध्ये पॅरिसला पकडले गेले. झ्याक देसूब्री नावाच्या फितुराने त्यांना दगा दिला. मार्च १९४४ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या.

याच देसूब्रीच्या आणि त्याच्यासारख्यांच्या फितुरीमुळे पॅरिसमध्ये पकडलेल्या १६८ दोस्त वैमानिकांना ऑगस्ट १९४४ मध्ये बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवलं गेलं. साध्या कपड्यांत, खोट्या कागदपत्रांसह सापडलात, म्हणजे तुम्ही सैनिक नाही, हेर; असा जर्मनांचा दावा. त्यांपैकी दोघे तिथेच मेले. इतरांना दोन महिन्यांनी युद्धकैद्यांच्या छावणीत हलवलं. म्हणून मघाशी ‘बहुतेकदा’ म्हटलं.

कॉमेटने पिरेनीजपार नेलेल्या वैमानिकांची संख्या २८८. त्यासाठी राबलेले साधे नागरिक सुमारे ३,०००, त्यांत बायकाच जास्त. शेकडो पकडले गेले आणि १५० हून अधिक परत आले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि ती अवघड आहे. ज्या विमानांतून ही पोरं पडत होती, त्या विमानांचे बाँब याच लोकांच्या घरांवरही पडत होते. ५ एप्रिल १९४३ रोजी अँटवर्पजवळच्या मोर्टसेलमधल्या विमान कारखान्यावर अमेरिकी हल्ला झाला. नेम चुकला आणि ९३६ नागरिक मेले, त्यांत २०९ मुलं होती. कोलोनमध्ये त्या ३० मेच्या रात्री सुमारे ४७० माणसं मेली. ब्रुसेल्समध्ये कॉमेटचं काम पाहणारे जाँ ग्राइन्डल एटरबेकच्या बराकीत मृत्युदंडाची वाट बघत कैदेत होते. सप्टेंबर १९४३ मध्ये त्या बराकीवर दोस्तांच्याच विमानांचे बाँब पडले आणि ते गेले. मोर्टसेलनंतरही बेल्जियममधली दारं उघडत राहिली. त्या दारांमागच्या लोकांना बाँब पडतात म्हणजे काय हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, तरी त्यांनी पोरांना आत घेतलं.

पाच साक्षीदार

परत आलेल्या वैमानिकाला लंडनमध्ये एमआय-९ च्या अधिकाऱ्यापुढे बसवत. कुठे पडलास, कोणी घेतलं, कोणत्या घरात किती दिवस, सगळं लिहून घेत. मग ताकीद : यातलं एक अक्षर घरीसुद्धा बोलायचं नाही. ज्याला ही घरं आणि ही माणसं माहीत आहेत त्याला साधारणपणे पुन्हा त्या मुलखावर पाठवतही नसत. तो पुन्हा पडला आणि बोलला तर सगळी वाट उघडी पडायची. मॅन्सरच्या हाती पॅराशूट देऊ पाहणारा सार्जंट लेस्ली बेव्हिस्टॉक पुढे किनारा-रक्षणाच्या दलात पायलट झाला आणि जून १९४४ मध्ये त्याने समुद्रावर एक जर्मन पाणबुडी बुडवली.

१९४२ च्या उन्हाळ्यात या पाच जणांनी आपापला जबाब दिला. तोवर इंग्लंडात कोणालाच माहीत नव्हतं, की त्या मँचेस्टरमध्ये शेवटच्या मिनिटाला काय घडलं. विमान परतलं नाही, सात जण बेपत्ता, एवढीच नोंद. पाच तोंडांनी एकच हकिगत आली : त्याने विमान धरून ठेवलं, पॅराशूट बाजूला सारलं आणि आम्हाला जायला सांगितलं. ऑक्टोबर १९४२ मध्ये लेस्ली मॅन्सरला व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च शौर्य सन्मान मरणोत्तर जाहीर झाला. ज्या शेतकऱ्यांनी, वाटाड्या मुलींनी आणि डोंगरातल्या माणसांनी त्या पाच साक्षीदारांना हातोहात घरी पोचवलं, त्यांची नावं त्या वेळी छापणं शक्यच नव्हतं. मॅन्सर बेल्जियममध्येच, हेव्हरलेच्या युद्धस्मशानात आहे. देदे युद्धानंतर आफ्रिकेत कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं काम करत राहिली आणि २००७ साली ब्रुसेल्समध्ये वारली.